चांगुलपणाला ढाल देऊ नका

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन. आज जरा लांबलचक लिहितोय, कारण आमच्या भागातल्या शाळांमध्ये एक पद्धत पसरत चालली आहे आणि ती मला मनापासून खुपते.

भिंतीवर एक तक्ता लागतो. त्यावर मुलांची नावं. चांगलं वागलं की नावापुढे चांदणी. मित्राला खोडरबर दिला, चांदणी. खरं बोलला, चांदणी. शनिवारी सगळ्यात जास्त चांदण्या असलेल्यासाठी टाळ्या, आणि सव्वीस जानेवारीला सरपंचांच्या हस्ते 'आदर्श विद्यार्थी' म्हणून ढाल. हे करणारे शिक्षक तळमळीचे आहेत, यात शंका नाही. पालकांनाही आवडतं. तरी माझं मत स्पष्ट आहे. दयेला आणि प्रामाणिकपणाला गुण लावू नयेत, बक्षीस तर मुळीच देऊ नये.

२००८ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतले संशोधक वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या लेकरांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडायची, ती लेकरं उचलून द्यायची. काहींना त्याबद्दल खेळणं मिळालं, काहींचं नुसतं तोंडी कौतुक झालं, काहींना काहीच मिळालं नाही. पुढच्या खेपेला ज्यांना खेळणं मिळालं होतं, त्यांचीच मदत घटली. ज्यांना धड चालता येऊन वर्षही झालेलं नसतं, त्यांच्यात मदतीची ओढ आधीच असते आणि बक्षिसानं ती मंदावते. मग सहा वर्षांच्या पोराला आपण चांदण्या का मोजायला लावतो?

आमच्या शाळेच्या आवारात हापशी आहे. खिचडी झाली की ताटं धुवायला तिथं झुंबड उडते. पहिलीतलं पोरगं दांड्याला लोंबकळतं, दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात, तरी दांडा खाली येत नाही. आलाच तर हापसावं की ताट धरावं, हा दुसरा प्रश्न. चौथीतला एक मुलगा आहे. स्वतःचं ताट धुऊन झालं तरी तो तिथून हलत नाही, सगळी बारकी पोरं आटोपेपर्यंत हापसत राहतो. घामाघूम होतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. वाचताना तो जोडाक्षरापाशी अडखळतो, त्यामुळे कुठल्याही यादीत त्याचं नाव वर येत नाही. उद्या मी त्याला परिपाठात पुढे बोलावून चांदणी दिली, तर परवापासून दांड्यासाठी पाच जणांची ओढाताण सुरू होईल आणि पहिलीची पोरं बाजूला ढकलली जातील. कौतुक नकोच, असं मी म्हणत नाही. मी त्याच्याजवळ जाऊन एवढंच म्हणतो, "तू हापसलं म्हणून त्या लहानीचं ताट निघालं बरं." आपल्या हातानं कोणाचं काय झालं, हे त्याला दिसावं. बस.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते.

वर्गात वस्तू हरवते. प्रत्येक शाळेत हरवते. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी रडत आली, "सर, माही पेन्सिल कोनं तं घेतली." मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "बेड्यावरच्या पोरानं घेतली असन, सर." सगळा वर्ग मागे वळला. पारधी बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून, येणारा तो मुलगा भिंतीशी बसला होता. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. दप्तर ओढून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. झडती होणार, हे त्या आठ वर्षांच्या लेकराला आधीच ठाऊक होतं.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, पण गावाच्या तोंडातून तो अजून गेलेला नाही, आणि गावाचं तोंड तेच वर्गाचं तोंड. अशा वेळी गुरुजी दप्तरं तपासायला लागले, तर तपासणी सगळ्यांची असली तरी वर्गाची नजर एकाच दप्तरावर असते. त्या पाच मिनिटांत चाळीस लेकरं जे शिकतात, ते वर्षभराच्या बोधकथांनी पुसलं जात नाही.

मी दप्तरं तपासत नाही. ज्यानं नाव घेतलं त्याला विचारलं, "डोळ्यानं पाह्यलं का? नाई ना? मग नाव घ्यायचं नाई." मुलीला माझ्या टेबलावरच्या डब्यातली पेन्सिल दिली आणि गणित पुढे चालू केलं. हरवलेली पेन्सिल सापडली की नाही, हे मी नंतर विचारलंही नाही. तो डबा कायम तिथं असतो. लागेल त्यानं न विचारता घ्यावं, जाताना ठेवावं. लोक म्हणतात, मग खरंच घेणाऱ्याला मोकळं सोडायचं का? माझा अनुभव असा की कधीकधी डब्यात आपल्या नसलेल्या वस्तू आपोआप येऊन पडतात. लाज न जाता परत ठेवायला जागा असली की लेकरू परत ठेवतं.

परिपाठाबद्दलही बोललं पाहिजे. मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. त्यांत स्त्री-पुरुष समानता आहे, श्रमप्रतिष्ठा आहे, सौजन्यशीलता आहे. पण कितीतरी शाळांत आजही वर्ग झाडतात त्या मुलीच. खिचडी रांधणाऱ्या ताईंना कोणी गुरुजी "ए बाई" म्हणून हाक मारतो, आणि मुलं ते ऐकत असतात. झाडायची पाळी मुलांनाही लावा, स्वतः शिक्षकानं एक दिवस झाडू घ्या, ताईंना अहो-जाहो करा. त्या दिवशी सुविचार राहिला तरी चालेल.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वेचणीच्या दिवसांत. दिवाळीनंतर कापूस फुटतो, मायबाप झुंजूमुंजू वावरात जातात. मग तिसरीतली मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. तो मधेच रडतो, पाटीवर रेघोट्या मारतो, कधी वर्गातच शू करतो. ती निमूटपणे फडक्यानं पुसते आणि खिचडीतला पहिला घास त्याला भरवते. आणि आपण काय म्हणतो? "याला कशाला आणलं? वर्ग डिस्टर्ब होतो." घरी ठेवून ये म्हटलं की ती उद्यापासून येत नाही, हेही आपल्याला माहीत असतं. करुणा शिकवायची म्हणून आपण गोष्टी शोधतो, आणि ती जिच्या कडेवर बसून आली तिलाच दारात अडवतो! त्या भावाला एक बस्कर द्या, दोन खडू द्या. चौथीच्या मुलांना त्याच्याशी आळीपाळीनं खेळू द्या. ती तेवढ्या वेळात भागाकार शिकते.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नई तालीम पुढे आली. हातानं केलेलं काम हाच शिक्षणाचा पाया, असं तिथं ठरलं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेतात काम करतात, सफाई करतात. आणि अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा तर आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. काम आधी, बोलणं मागून. आपण वर्गात नेमकं उलटं करतो.

नोंदींचंही तसंच. प्रगतिपत्रकावर 'मित्रांना मदत करतो', 'नम्रपणे बोलतो' ही वाक्यं तयार पीडीएफमधून उतरवली जातात. हापशीवरच्या त्या मुलाची नोंद लिहायची तर त्याला हापशीवर पाहावं लागतं. खिचडीच्या वेळी ऑनलाइन माहिती भरत ऑफिसात बसलं तर ते दिसणार नाही. कामाचा बोजा आहे, मलाही आहे. पण जेवणाचा अर्धा तास मुलांचाच असला पाहिजे, यावर माझी तडजोड नाही.

गावातल्या दात्यांना एक विनंती. ढाल द्यायचीच असेल तर कबड्डीला द्या, धावण्याला द्या, हस्ताक्षराला द्या. तिथं चढाओढ शोभते. आणि चांगल्या वागण्यासाठीच काही द्यायची इच्छा असेल, तर पेन्सिलींचा एक डबा भरून द्या, वर नाव न टाकता.