पेंग्विनला बर्फ लागत नाही, आणि राणीची बाग आधी बागच होती

दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो थोरल्या मेव्हण्यांनी टाकला, खाली तीन लालबुंद संतापी चेहरे लावून. मजकूर साधारण असा: 'इंग्रजांनी १८६१ साली व्हिक्टोरिया राणीसाठी भायखळ्याला प्राणिसंग्रहालय काढलं. मग अंटार्क्टिकाच्या बर्फातले पेंग्विन आणले. त्यांना जागा करायला हत्ती हटवले, वाघ गायब केले. पाच रुपयांचं तिकीट शंभर केलं. आणि मुंबईच्या उकाड्यात आठही पेंग्विन मेले. पुढे पाठवा.'

आधीच सांगून ठेवतो, राणीच्या बागेच्या, म्हणजे भायखळ्याच्या याच प्राणिसंग्रहालयाच्या, कारभाराचा मी वकील नाही. पेंग्विन आणायला नको होते असं वाटणाऱ्यांशी माझं भांडणही नाही. पण रागावायचं तर निदान खऱ्या गोष्टीवर रागवावं.

अंटार्क्टिकापासून सुरुवात करू, कारण सगळा मेसेज त्याच पायावर उभा आहे. भायखळ्याचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं घर म्हणजे पेरू आणि चिलीचा किनारा. नकाशा काढून बघा. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला आहे. पेरूची राजधानी लिमा १२ अंश दक्षिणेला, आणि हे पक्षी लिमाच्याही उत्तरेला, विषुववृत्ताच्या आणखी जवळ, अंडी घालतात. त्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नाहीच, सगळा रखरखीत वाळवंटी पट्टा. थंड असतं ते समुद्राचं पाणी, कारण दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह वर येतो. पाण्यात गारवा आणि काठावर ऊन, अशा दुहेरी संसारात हा पक्षी वाढलाय. तिथल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर साचायचे, त्याला ग्वानो म्हणतात. हे पेंग्विन त्यात बिळं कोरून घरटी करत. एकोणिसाव्या शतकात तोच ग्वानो खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात गेला आणि बिचाऱ्यांची बिळंच उकरली गेली. त्यांचं नुकसान झालं ते असं. बर्फाचा त्यात काही संबंध नाही.

विश्वास बसत नसेल तर पुढच्या खेपेला काचेपाशी जरा थांबा. लोक सेल्फी काढून सरकतात, तुम्ही चोचीच्या मुळाशी बघा. तिथे पिसं नाहीत, उघडी गुलाबी कातडी आहे. अंगात उष्मा वाढला की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि उष्णता बाहेर पडते. ही उन्हात राहणाऱ्याची सोय. अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेली पेंग्विनचं उलट असतं, त्याच्या चोचीवरसुद्धा पिसं चढलेली असतात.

मग १६ ते १८ अंशांची वातानुकूलित खोली कशाला, असा प्रश्न मेव्हण्यांनी लगेच टाकला. रास्त प्रश्न आहे. मुंबईचं ऊन त्यांना जड जाईलच, शिवाय धोका आहे तो बुरशीचा. कोंडलेल्या दमट हवेत या पक्ष्याच्या फुप्फुसात ती धरते. अ‍ॅस्परजिलोसिस हा बुरशीचा आजार बंदिस्त पेंग्विनांचा जुना वैरी आहे. म्हणून गाळलेली हवा, गार आणि सतत फिरणारं स्वच्छ पाणी. हे सगळं यंत्रांवर आणि विजेवर चालतं, चोवीस तास, बारा महिने. विरोध करायचा तर इथे करा. ज्या जिवाचा श्वास यंत्राच्या भरवशावर आहे, तो या हवेत आणावाच का? हा प्रश्न मला पटतो. 'बर्फातला पक्षी उन्हात टाकला' हे मात्र खोटं आहे, आणि त्या खोट्यामुळे खरा प्रश्नही हास्यास्पद ठरतो.

आता 'आठही मेले'. २०१६च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले. त्यातली एक मादी त्याच ऑक्टोबरात गेली. लोकांना ते बघायला मिळाले २०१७च्या मार्चमध्ये. २०१८च्या १५ ऑगस्टला पहिलं पिल्लू जन्मलं, तेही काही दिवसांतच दगावलं. हे दोन्ही मृत्यू खरे, आणि त्या वेळी झालेली टीकाही अस्थानी नव्हती. पण पुढे पिल्लं होत गेली, जगली, आणि संख्या मूळच्या आठाच्या वर गेली. मेसेज २०१८लाच अडकून पडलाय.

हत्ती 'हटवले' याचा पेंग्विनांशी सुतराम संबंध नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९मध्येच सांगितलं होतं की प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, त्यांना मोकळ्या जागी न्यावं. तेव्हा पेंग्विन आलेलेही नव्हते. आदेशानंतरही राणीच्या बागेतले जुने हत्ती बरीच वर्षं तिथेच होते, ही वेगळी तक्रार. माझ्या पिढीने तिथे हत्तीवर बसून फेरी मारलीय, त्यामुळे हत्ती नसल्याची चुटपुट मलाही लागते. पण साखळदंडात पाय अडकवून दिवसभर डुलणारा हत्ती 'सुखात' होता असं म्हणायला जीभ रेटत नाही.

वाघांचं तर उलटंच झालं. पूर्वी बरीच वर्षं पिंजरा रिकामा होता. २०२०च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली, पुढच्या वर्षी त्यांना वीरा झाली. म्हणजे पेंग्विन आल्यानंतर वाघ आले.

तिकिटाचं अर्धं बरोबर आहे. २०१७च्या ऑगस्टपासून मोठ्या माणसाला पाचाचे पन्नास झाले आणि लहानांना पंचवीस. शंभर रुपये आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांचे मिळून. दहापट वाढ ती दहापटच. पण मेसेजने ती वीसपट केली.

राहिलं १८६१. पश्चिम भारताच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पती-बाग आधी शिवडीला होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी गेली, म्हणून बाग भायखळ्याला हलली. गव्हर्नर फ्रेअर यांच्या पत्नीच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ला ती लोकांसाठी उघडली. राणीचं फक्त नाव. ती मुंबईला कधी आलीच नाही. ही झाडांची बाग होती, प्राण्यांची नव्हे. १८७३मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि प्राण्यांसाठी बाजूची जमीन जोडली गेली ती १८९०च्या सुमारास. म्हणजे इथली झाडं इथल्या प्राण्यांहून ज्येष्ठ आहेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तिथे आहे, बुंध्याला चौघांनी मिळून कवळ घालावी एवढी. ब्रह्मदेशातली उर्वशीही आहे. फुलते तेव्हा लाल-गुलाबी झुंबरं टांगल्यासारखी दिसते. पेंग्विनच्या रांगेत तासभर उभे राहणारे लोक तिच्याखालून मान वर न करता जातात, हे माझं खासगी दुखणं.

आणि हत्ती हटवायचा प्रयत्न एकदा खरोखर झाला होता. घारापुरीच्या बेटावर एक दगडी हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे १९१४मध्ये जोडले. आज तो राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. अंगावरचे सांधे अजून दिसतात.