मीठ कुणाचे, मर्जी कुणाची

मार्च २०२५च्या मध्यावर फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या आमच्या गल्लीत ईगल्स या शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे हिरवे झेंडे अजून उतरले नव्हते. ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लीन्समध्ये ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा फडशा पाडून सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला होता, आणि त्याला जेमतेम महिना लोटतो न लोटतो तोच संघाचा राइट गार्ड मेकाय बेक्टन दोन वर्षांच्या, दोन कोटी डॉलरच्या करारावर लॉस एंजेलिस चार्जर्सकडे निघून गेला. शेजारचे आजोबा आयुष्यभर नळजोडणीची कामे करून निवृत्त झालेले आहेत आणि ईगल्सच्या पराभवानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत. ही बातमी सांगितली तेव्हा ते दारातले, बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर टाकलेले जाडे मीठ झाडत होते. "चांगले झाले त्याचे," एवढेच म्हणून त्यांनी पुन्हा खराटा हातात घेतला.

मला त्या थंडपणाचे नवल वाटले, कारण पुण्यातल्या धाकट्या भावाशी, जिंकून देऊन संघ सोडणाऱ्या खेळाडूच्या, याच विषयावर माझे सहा महिने वाजत होते. फक्त तिथे खेळ कबड्डीचा होता.

आधी बेक्टनचे काम काय, ते सांगायला हवे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याच्या पुढच्या फळीत पाच अवाढव्य माणसे उभी असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. चेंडू फेकणाऱ्याला मोकळे दोन-तीन क्षण मिळवून देणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट फोडणे, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या नावावर धावा लागत नाहीत, गुण लागत नाहीत. यांना इथे लाइनमन म्हणतात असे भावाला सांगितले, तेव्हा त्याला वीज मंडळाचा खांबावर चढलेला माणूस आठवला, आणि मला ती उपमा आवडली. दिवे लागलेले असतात तोवर त्याची आठवण कुणाला होते? शेजारच्या आजोबांनी मला हा खेळ बघायला शिकवला तो चेंडूकडे न बघायला सांगूनच. चेंडू घेऊन धावणाऱ्या सेक्वॉन बार्कलीची एखादी धाव लागली की ते चित्र थांबवायचे, पडद्यावर बेक्टनच्या, ७७ क्रमांकाच्या पाठीवर बोट टेकवायचे आणि मग पुढे सोडायचे. बार्कलीने त्या हंगामात २,००५ यार्ड धावून काढले. त्यांतले पुष्कळसे या बोटाखालून गेलेले मी पाहिले आहेत.

बेक्टनला २०२० साली न्यूयॉर्क जेट्सने ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्याच फेरीत, अकराव्या क्रमांकावर निवडले होते. पुढे गुडघ्याच्या दुखण्याने जवळजवळ दोन हंगाम गेले, जेट्सने करार वाढवला नाही, आणि २०२४मध्ये तो एका वर्षाच्या, फार तर ५५ लाख डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियात आला. टोकाला खेळणाऱ्या या सुमारे १६५ किलोच्या माणसाला प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी आत, गार्डच्या जागी आणले आणि त्याची कारकीर्द पुन्हा रुळावर आली. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, मीठ फिलाडेल्फियाचे. तरीही गल्लीत कुणाच्या तोंडी कृतघ्न हा शब्द आला नाही.

आता पुण्याकडचे. इराणचा मोहम्मदरझा शादलुई हा डावा कोपरारक्षक पुणेरी पलटणने दहाव्या प्रो कबड्डी हंगामासाठी २.३५ कोटींना घेतला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने पहिल्यांदाच विजेतेपद मिळवले. ऑगस्टमध्ये तो पुन्हा लिलावात उतरला आणि २.०७ कोटींना गेला, तोही त्याच हरयाणाकडे. डिसेंबरअखेर बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच मैदानावर, हरयाणा विजेता झाला. पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नव्हती. त्या रात्री भावाचा निरोप आला, "ताई, आपल्याच घरात येऊन चषक घेऊन गेला. पैशापुढे माणसाला काही राहत नाही."

त्याची हळहळ मला कळते, पण आरोप कळत नाही. शादलुई गेला नाही, तो विकला गेला. लिलावात पाटी वर करतात ते संघाचे मालक. बोली कुणाची चढेल आणि पुढचा हंगाम कुठल्या रंगाचा बनियन घालून काढायचा, यात खेळाडूला काडीचाही अधिकार नसतो. शिवाय २.३५वरून २.०७वर आलेल्या माणसाला पैशाचा लोभी म्हणणे हे साध्या वजाबाकीतही बसत नाही. आयपीएलच्या प्रत्येक मोठ्या लिलावानंतर हाच सूर ऐकू येतो: ज्याला निर्णयच घेता येत नाही त्याच्या निष्ठेची आपण परीक्षा घेतो, आणि जे निर्णय घेतात त्यांच्या हिशेबाला 'व्यवहार' असे सोज्वळ नाव देतो.

इथे बेक्टन स्वतः ठरवून गेला, आणि तो ठरवू शकतो हे फिलाडेल्फियाला चांगलेच ठाऊक आहे, कारण त्या हक्काची पहिली मोठी किंमत याच शहराने मोजली. करार संपला तरी खेळाडूला संघ बदलणे दुरापास्त करणाऱ्या नियमांविरुद्धच्या खटल्यात ईगल्सचा थोर बचावपटू रेजी व्हाइट प्रमुख वादी होता. १९९३ साली तडजोड होऊन खेळाडूंना मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी तो चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. तिथे त्याने सुपर बोलही जिंकला. फिलाडेल्फियाने तरीही त्याचा ९२ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.

या मोकळिकीचे गोडवे गाताना मी जपून बोलते. बेक्टनला जेट्सने निवडले तेव्हा त्याला कुणी विचारले नव्हते. ही मोकळीक चार हंगाम खेळल्यानंतरची आहे, आणि या खेळात कित्येकांचे गुडघे त्याआधीच संपतात. शिवाय पगाराला मर्यादा आहे, २०२५साठी प्रत्येक संघाला सुमारे २८ कोटी डॉलरची. ईगल्सने त्यातले बरेच पैसे जॉर्डन मेलाटा आणि लँडन डिकरसन या डावीकडच्या दोघांवर आधीच बांधले होते, त्यामुळे राइट गार्डची जागा ही दरवर्षी भाडेकरू बदलणारी खोली झाली आहे. कोण गेला याला पैसा कारण असतोच. पण तो संघाच्याही बाजूने असतो, एवढे इथे कुणी लपवत नाही.

माझा या प्रश्नात थोडा वैयक्तिक गुंता आहे. मी एच-वन-बी या, कंपनीशी बांधलेल्या नोकरीच्या व्हिसावर ज्या कंपनीतून अमेरिकेत आले, तिथे सहा वर्षे राहिले. त्यातली शेवटची तीन केवळ नवी कंपनी अर्ज करील का, ग्रीन कार्डच्या रांगेचे काय होईल, या धास्तीने. पगार दोन वर्षे गोठला होता आणि माझे पाय बांधलेले आहेत हे वरिष्ठांना पुरते ठाऊक होते. अखेर सोडले, तेव्हा पुण्याहून मावशीने फोनवर म्हटले, "ज्यांनी तुला तिकडे नेले त्यांच्या मिठाला जागायला नको?" मी उत्तर दिले नाही. मीठ मला दरमहा कामाच्या बदल्यात मिळत होते, हे मावशीला दुखावल्याशिवाय सांगता येईना.

मे २०२५च्या अखेरीस मुंबईत पुन्हा लिलाव झाला आणि शादलुई २.२३ कोटींना गुजरात जायंट्सकडे गेला. तीन वर्षांत तिसरा संघ. या वेळी भावाचा निरोप वेगळा होता: "ताई, ह्याला एकदा तरी कुणी विचारलं असेल का गं, कुठे खेळायचंय?"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॅलसविरुद्ध ईगल्सचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी शेजारी गेले होते. बेक्टनच्या जागी टायलर स्टीन उभा होता. पहिल्या धावेला आजोबांनी चित्र थांबवले, उठून पडद्याजवळ गेले, आणि सवयीने त्याच जागी बोट टेकवून म्हणाले, "बघू या, हा किती दिवस राहतो."