'हात साफ असला की झालं' : चोपड्याच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सार असं : १०० सीसीच्या गाडीवरून थेट ४०० च्या नेकेडवर (म्हणजे पुढे प्लॅस्टिकचं आवरण नसलेल्या स्पोर्टी गाडीवर) जाऊ नका, मध्ये २०० चा टप्पा घ्या, असं माझ्या आधीच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की हात साफ असला की सीसीने काही होत नाही, चोपड्याची (जळगाव जिल्हा) पोरं थेट ३९० (केटीएमची ३९० ड्यूक) घेतात आणि नीट चालवतात. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आपल्या मातीत घात करतं, त्याचा फ्यूज काढलेला बरा. रेडिएटरवाली गाडी आपल्या ४५ अंशांत टिकत नाही. मागे आई किंवा बायको कुठे बसणार, हे लेखात नाही. आणि सुरतेची जुनी ३९० नव्या २०० च्या भावात मिळते, मग मधला टप्पा कशाला?

मागे बसणाऱ्यांचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर खाली लिहितो.

आधी 'हात साफ'. प्रश्न असा की हात कशावर साफ झाला? आपल्याकडे तो बहुतेक स्प्लेंडरवर होतो. साधारण ८ पीएसची (अश्वशक्तीची) ताकद, ११२ किलो वजन, दोन्ही चाकांना १३० मिलिमीटरचे ड्रम. बजाजच्या पल्सर एनएस २०० ला २४.५ पीएस आणि १५८ किलोच्या आसपास वजन. नव्या ३९० ड्यूकला ४६ पीएस आणि १६८ किलो. वजनाच्या मानाने ताकद काढली तर एनएस स्प्लेंडरच्या दुप्पट भरते आणि ३९० जवळजवळ चौपट. युरोपात ही पायरी कायद्यातच आहे. सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या ए१ परवान्यावर ११ किलोवॅट, म्हणजे १५ पीएसपर्यंतचीच गाडी चालवता येते. अठराव्या वर्षी मिळणाऱ्या ए२ वर ३५ किलोवॅटपर्यंत, आणि ३९० त्या मर्यादेच्या अगदी काठावर बसते. आपल्याकडे एकाच परवान्यावर ५० सीसीच्या पुढचं सगळं चालतं, त्यामुळे पायरी ज्याची त्याने ठरवायची.

पण मला ताकदीपेक्षा सवयींची भीती जास्त वाटते. स्प्लेंडरवर मुरलेल्या चार सवयी नेकेडवर उलट्या पडतात, आणि वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसात त्या नवशिक्यापेक्षा घट्ट बसलेल्या असतात.

पहिली सवय मुठीची. खड्ड्यातून जाताना शरीर मागे जातं, हात हॅंडलला लटकतो आणि ॲक्सिलरेटर थोडा पिळला जातो. स्प्लेंडरवर याने आवाज वाढतो, बाकी काही होत नाही. ३९० वर दुसऱ्या गिअरमध्ये हेच झालं तर गाडी पुढे झेपावते, त्या झटक्याने शरीर आणखी मागे जातं आणि मूठ आणखी पिळली जाते. उपाय असा : गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर सैल ठेवायचे, मनगट हॅंडलच्या पातळीखाली जाऊ द्यायचं नाही. हॅंडल ही लटकायची जागा नाही, शरीराचा भार मांड्यांवर आणि पायांवर हवा. २०० वर ही चूक झाली तर सावरायला क्षणभर मिळतो. ३९० वर तो मिळेलच असं नाही. मधला टप्पा सांगतो तो एवढ्यासाठी.

दुसरी सवय लवकर टॉप गिअर टाकण्याची. ॲव्हरेजसाठी ३० च्या वेगाला चौथा गिअर टाकून ढकलत नेणं स्प्लेंडरला चालतं, कारण तिचा जोर खालच्या आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) आहे. एनएस २०० चा कमाल टॉर्क (ओढायचा जोर) ८००० आरपीएमला आणि कमाल ताकद ९७५० ला येते. ३००० च्या खाली तिला वरच्या गिअरमध्ये ओढायला लावलं की चेन फटके मारते, इंजिन ठोकतं, आणि तो मार चेनस्प्रॉकेटला, क्लचला आणि मागच्या हबमधल्या रबरांना बसतो. गावातून जाताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा. ओव्हरटेक करायचा असेल तर एक गिअर कमी करून ५०००-६००० ला आणा आणि मगच बाहेर काढा.

तिसरी सवय उतारावर न्यूट्रल. चाळीसगावहून कन्नडला जाणारा औट्रम घाट किंवा तोरणमाळचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आपण रोज पाहतो. जास्त वजनाच्या, जास्त वेगाच्या गाडीवर सगळं ओझं मग डिस्कवर येतं. ब्रेक ऑइल तापतं, त्यात ओलावा मुरलेला असला तर उकळतं, आणि लिव्हर हॅंडलपर्यंत मऊ जातो. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये मूठ पूर्ण सोडली की इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर असेपर्यंत पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलिंगसाठी जळत राहतं. म्हणजे बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

चौथी सवय मागच्या ब्रेकची, आणि इथूनच तुमचा एबीएसचा मुद्दा सुरू होतो. स्प्लेंडरवर लोक पायाचाच ब्रेक मारतात, कारण 'पुढचा मारला की पडतो' हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि पकड पुढच्या चाकाकडे जाते. कोरड्या डांबरावर जोरात थांबताना सत्तर टक्क्यांहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. एनएसला पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क आहे, ३९० ला ३२०. ती वापरायचीच नसेल तर गाडीची किंमत वाया.

शिकायचं असं. रिकामं मैदान किंवा वाहतूक नसलेला सरळ पट्टा, टायर थोडे गरम झालेले. ३० चा वेग. दोन बोटं लिव्हरवर. आधी लिव्हरची ढील संपवा, फोर्क (पुढचे शॉकॲब्सॉर्बर) खाली बसू द्या, मग दाब वाढवा. एकदम खेचायचं नाही. हॅंडल सरळ, नजर दूर. दहा वेळा नीट जमलं की ४० वर, मग ५०, मग ६०. शेवटच्या फेऱ्यांत मुद्दाम एबीएस लागेपर्यंत दाबा, लिव्हरला होणारी थरथर हाताला ओळखीची होऊ द्या. पहिल्यांदाच ती थरथर खऱ्या संकटात जाणवली की माणूस घाबरून ब्रेक सोडतो.

हे महत्त्वाचं का, त्याचा हिशेब पाहा. कोरड्या रस्त्यावर चांगला चालक दर सेकंदाला आपला वेग सेकंदी ६ मीटरने कमी करतो असं धरा, आणि समोरचं दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद. ६० च्या वेगाला गाडी ४० मीटरमध्ये थांबते. ८० ला ६३ मीटर लागतात. १०० ला ९२ मीटर. लो बीमचा कामाचा उजेड असतो ४०-५० मीटर. आता मार्गशीर्षातली रात्र, धरणगाव-चोपडा रस्ता, आणि पुढे कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेली ट्रॉली, जिला मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर कापसाखाली झाकलेला. ६० ला तुम्ही थांबता. ८० ला थांबत नाही, हात कितीही साफ असो. आणि ३९० वर ८० हा वेग ५० सारखा वाटतो.

आता फ्यूज. तुमच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे : खडीवर आणि सुट्या मातीवर एबीएसने थांबायचं अंतर वाढतं. लॉक झालेलं चाक मातीत रुततं, पुढे ढिगारा करतं आणि लवकर थांबतं, एबीएस ते होऊ देत नाही. पण तो हिशेब चारचाकीचा. दुचाकीचं पुढचं चाक खडीवर लॉक झालं तर अर्ध्या सेकंदात गाडी आडवी होते, अंतर मोजायला कोणी उभं राहत नाही. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या टायरांनी काळी माती डांबरावर आणलेली असते, तिथे तर पकड उरतच नाही. ती एबीएस आणूनही देत नाही. तिथला उपाय म्हणजे चिखल दिसताच, तो येण्याआधीच्या स्वच्छ डांबरावर, गाडी सरळ असताना वेग उतरवून घेणं. मागचं चाक थोडं सरकवायची खरंच गरज असेल तर नव्या ३९० ला सुपरमोटो मोड आहे, त्यात फक्त मागचं एबीएस बंद होतं. फ्यूज काढल्यावर पुढचंही जातं. आणि जुन्या एनएससारख्या सिंगल चॅनलच्या गाडीत मुळात पुढच्याच चाकाला एबीएस असतं, मागचं लॉक होणारच, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

उन्हाचं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात रेडिएटरवाली गाडी टिकते. ती मरते पाण्याने. कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं द्रव) थोडं कमी झालं की गॅरेजवाला बोअरचं पाणी ओततो. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, पंपाचं सील खातो, आणि दोन उन्हाळ्यांनी गाडी सिग्नलवर तापायला लागते. कूलंट तयार मिसळलेलंच घ्या. नाहीतर गाढं आणून निम्मं डिस्टिल्ड पाणी घाला. पातळी गाडी गार असताना बाजूच्या डबीवरच्या दोन खुणांमध्ये पाहायची, गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. कापसाच्या हंगामात जाळीत तंतू आणि किडे अडकतात, ते साध्या नळीच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते. पंखा लागल्यावर नडग्यांवर गरम झोत येतो त्याला बिघाड समजू नका. तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र सावलीत थांबून अर्धा तास जाऊ द्या. ज्यांना हे सांभाळणं नको त्यांनी ऑइल-कूल्ड (कूलंटऐवजी ऑइलने गार होणारी) गाडी पाहावी : अपाची आरटीआर २०० ४व्ही किंवा पल्सर एन २५०.

ऑइलही स्प्लेंडरचं टाकू नका. तिला १०डब्ल्यू-३० चालतं, या गाड्यांना मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड आणि जासो एमए२ हा शिक्का हवा. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो.

चेनबद्दल लेखात कमी लिहिलं होतं, ती माझी चूक. स्प्लेंडरची चेन बंद डब्यात असते, नेकेडची उघडी असते आणि तिच्या कड्यांत रबरी ओ-रिंग असतात. गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल लावलं की त्यावर आपली धूळ बसते आणि घासायची पेस्ट तयार होते. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंग संपवतात. मऊ ब्रशने साफ करा, कोरडी होऊ द्या, दर ५०० किलोमीटरला चेन ल्यूब, चिखलात गेल्यास त्याच दिवशी. ढील मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांना २०-३० मिलिमीटरच्या आसपास. घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट, कारण डबलसीट खड्ड्यात गेली की ती गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगला ओढते.

मागे बसणाऱ्यांबद्दल. नेकेडची मागची सीट अरुंद आणि उंच, पायदान वर, धरायला जागा थोडी. साडीत एका बाजूला पाय सोडून बसणं या गाड्यांवर धोक्याचं आहे, हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी पकड, पायदान आणि साडी-गार्ड सक्तीचे आहेत. शोरूममधून निघताना 'दिसायला खराब' म्हणून साडी-गार्ड काढून ठेवतात, तसं करू देऊ नका. उघडी चेन आणि पदर यांच्यामध्ये तेवढंच असतं. घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर रोज आईला बाजाराला न्यायचं असेल, तर नेकेड घेऊ नका. स्प्लेंडर विकू नका, एवढाच माझा सल्ला.

खर्च. महिन्याला ७५० किलोमीटर धरले तर ६५ च्या ॲव्हरेजला साडेअकरा लिटर लागतात, ३५ च्या ॲव्हरेजला साडेएकवीस. पेट्रोल १०५ धरून महिन्याला हजार-अकराशेचा फरक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के आहे. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ आणि त्यावर २,८०४ रुपये. नवी ३९० महाग पडते ती यामुळेही, आणि म्हणूनच सुरतेची जुनी स्वस्त वाटते.

ती घेणारच असाल तर गाडी गार असताना पाहायला जा, आधी गरम करून ठेवलेली नको. हॅंडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टॉपर पाहा, चेपलेले किंवा वेल्डिंग केलेले असतील तर गाडी जोरात पडलेली आहे. कूलंट तपकिरी असेल तर आत पाणी गेलंय. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले असतील तर चेनसेटचे पैसे किमतीतून कमी करा. चावी लावल्यावर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी चालवल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी वायर कापली आहे, विझत नसेल तर सेन्सर खराब आहे किंवा तुमच्यासारख्याच कोणीतरी फ्यूज काढला आहे. गुजरातची गाडी एमएच-१९ (जळगावची नोंदणी) करायला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना-हरकत दाखला), कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५, आणि मालकी बदलाचे फॉर्म २९-३० लागतात, शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो धरून किंमत काढा, आणि एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.