गुटगुटीत बाळ आणि आईचा व्हीडीआरएल

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. खाली सही ‘एका अनुभवी डॉक्टरांची’, पण डॉक्टरांना नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं: गरोदरपणी आईचा व्हीडीआरएल (उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला तरी बाळ जन्मतः गुटगुटीत असेल तर काळजी नको. बाळाच्या रक्तात सापडतं ते आईचंच, सहा महिन्यांत आपोआप जातं. आईने गोळ्या घेतल्या असतील तर प्रश्नच मिटला. एक्स-रे, पाठीतलं पाणी, दहा दिवस सुया हा इस्पितळांचा धंदा. आणि मुळात हा रोग जहाजावरच्यांचा नि बाहेरगावच्या मजुरांचा, आपल्यात कुठला?

यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच मेसेज लोकांच्या गळी उतरतो. पण आधी गुटगुटीत बाळाचं बघू.

उपदंशाचे जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतात. लागण झालेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक जन्माच्या वेळी अगदी निरोगी दिसतात. लक्षणं उमटतात ती पुढच्या काही आठवड्यांत, बाळ घरी गेल्यावर, आणि तिथे त्यांना दुसरीच नावं मिळतात. नाक सतत चोंदलेलं, शेंबडात कधी रक्ताची छटा: घरचे म्हणतात पावसाळी सर्दी. (हा शेंबूड जंतूंनी भरलेला असतो, म्हणून सिस्टर हातमोजे घालतात. त्याचा कुणी अपमान मानू नये.) तळहात-तळपायांवर पुरळ येतं, कातडी सुटते: उष्णता झाली. बाळ एक हात हलवत नाही, हात लावला की कळवळतं: न्हाऊ घालताना लचकला. त्यावर तेल लावून चोळलं जातं, आणि दुखणं असतं हाडाच्या टोकाशी. ते एक्स-रेत दिसतं, चोळून जात नाही. जोडीला यकृत-प्लीहा वाढणं, कावीळ, रक्तातल्या प्लेटलेट कमी होणं. यातलं एखादंच लक्षण असेल, किंवा एकही नसेल.

आता ती अर्धी खरी गोष्ट. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (जंतूंविरुद्ध शरीर बनवतं ती, अँटीबॉडीज) बाळात उतरतात, त्यामुळे निरोगी बाळाचा व्हीडीआरएलही पॉझिटिव्ह येऊ शकतो, हे बरोबर. म्हणूनच नुसतं ‘पॉझिटिव्ह’ पाहून निदान होत नाही, टायटर पाहतात, म्हणजे रक्त किती पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा. आईचं आणि बाळाचं रक्त एकाच वेळी, एकाच पद्धतीने तपासायचं. आईचा टायटर 1:8 आणि बाळाचा 1:32, म्हणजे चौपट किंवा त्याहून जास्त, तर बाळाला स्वतःची लागण झाली असं धरतात. रक्त बाळाच्या शिरेतून घ्यायचं. नाळेतलं नको, त्यात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. टीपीएचए या उपदंशाच्याच दुसऱ्या रक्ततपासणीचा या वयात उपयोग नाही, कारण आईची ती प्रतिपिंडं बाळात वर्षाच्या पुढेही टिकतात. अठराव्या महिन्यानंतरही ही चाचणी पॉझिटिव्ह असेल, तरच प्रतिपिंडं बाळाची स्वतःची.

मेसेज जिथे थांबतो तिथेच खरी अडचण आहे. टायटर चौपट नाही म्हणून लागण नाही, असं ठरत नाही. लागण झालेल्या अनेक बाळांचा टायटर आईइतका किंवा त्याहून कमीच असतो. सहा महिन्यांत व्हीडीआरएल निगेटिव्ह होतो, पण तो निरोगी बाळाचा. तोवर दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून उतार पाहावा लागतो. आणि असं नुसतं पाहत थांबायची मुभा कुणाला द्यायची, हे आईची फाईल ठरवते.

फाईलमध्ये बघायचं ते हे: पेनिसिलिन दिलं का, किती, आणि बाळंतपणाच्या किती दिवस आधी. बेंझाथिन पेनिसिलिनची 24 लाख युनिटांची सुई (रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन), आणि पहिली सुई प्रसूतीच्या निदान 30 दिवस आधी. हे जमलं नसेल तर बाळाच्या दृष्टीने आईचा उपचार अपुरा. एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या मोजत नाहीत. त्या बाळाला बरं करतील याचा भरवसा नसतो. आईला पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर इस्पितळात ठेवून, हळूहळू सवय करून तेच औषध देतात. नवऱ्याचा उपचार राहिला तर तिला पुन्हा लागण होऊ शकते, आणि हा भाग फाईलमध्ये नेहमी सापडतोच असं नाही.

जहाजावरचे आणि मजूर यांच्याबद्दल एवढंच: प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करतात ती घराणं बघून रोग ओळखता येत नाही म्हणून. उलट, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आला की बाईवर संशय घेणाऱ्यांनीही थांबावं. काही वेळा तो दुसऱ्या आजारांमुळे, कधी नुसत्या गरोदरपणामुळेही खोटा पॉझिटिव्ह येतो. आईच्या बाबतीत टीपीएचए तिथे कामाची.

राहिला धंदा. पेनिसिलिन उपदंशावर 1943 पासून वापरात आहे, स्वस्त आहे, आणि हा जंतू अजून त्याला सरावलेला नाही. यात कमाई ती काय? बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मडगाव-म्हापशाच्या सरकारी इस्पितळांत बाळाच्या सुया मोजून कुणी श्रीमंत होत नाही. पाठीतलं पाणी काढतात ते जंतू मेंदूपर्यंत गेलेत का पाहायला. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते, म्हणून ‘मूल लुळं पडतं’ ही भीती अनाठायी. उपचार टळला तर पुढे काय, तेही मेसेजात नाही: सहा-सात वर्षांनी येणारे खाचेचे पुढचे दात, डोळ्यांच्या बुबुळांची सूज, आणि बहिरेपण, जे मागे फिरवता येत नाही.

बाळाच्या पेनिसिलिनच्या दहा दिवसांच्या सुयांत एका दिवसापेक्षा जास्त खंड पडला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बाराव्या दिवसाच्या बारशासाठी बाळ घरी न्यायचं म्हणून मध्येच डिस्चार्ज मागू नका. बारसं महिन्याने करता येतं.