पाइप एकत्र जोडले म्हणजे सिंक झालं, असं नाही

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : टोयोटाने ४ए-जीई ब्लॅकटॉप या चार सिलिंडरच्या इंजिनाला दर सिलिंडरला एक अशा चार थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा) देऊनही ते मॅप सेन्सरवरच, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवरच चालवलं. चारही रनरचे (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या मार्गांचे) पाइप एका सामाईक नळीत आणले की व्हॅक्यूम आपोआप सारखा होतो. मग सिंक, म्हणजे गेज लावून एकेक बटरफ्लाय (थ्रॉटलमधली झडप) जुळवणं, हा कार्ब्युरेटरच्या जमान्यातला हट्ट.

टोयोटाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. याच इंजिनाच्या १९९१ च्या सिल्व्हरटॉप आवृत्तीवर एअरफ्लो मीटर होता, १९९५ च्या ब्लॅकटॉपवर मॅप सेन्सर आला. पण ती नळी सेन्सरला सरासरी दाखवते, सिलिंडरमधली हवा समान करत नाही. बारीक पाइपांतून आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) थोडी हवा इकडची तिकडे जाते, इंजिन बरं चालल्यासारखं वाटतं आणि दोष झाकला जातो. म्हणून सिंकच्या वेळी नळी काढून सगळे निपल (नळी जोडायची तोंडं) बंद करायचे आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तेवढ्यापुरता थ्रॉटलच्या टेबलवर, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय त्यावरून पेट्रोल ठरवून चालवायचा.

नुसता व्हॅक्यूम गेजही पुरत नाही, इथे मी तुमच्यापेक्षा कडक आहे. ट्रम्पेटच्या (थ्रॉटल बॉडीत हवा घेणाऱ्या कर्ण्याच्या) तोंडावर धरायचा फ्लो मीटर सोबत हवाच. समजा, तिसऱ्या रनरचं गॅस्केट गेलंय. तिथून शिरणारी हवा ट्रम्पेटमधून येतच नाही. त्यामुळे फ्लो चौघांचा जवळपास सारखा दिसतो, व्हॅक्यूम मात्र तिसऱ्याचा कमी. फ्लो जास्त आणि व्हॅक्यूम कमी असेल, तर तो बटरफ्लाय जास्त उघडलाय. फ्लो सारखा, व्हॅक्यूम कमी आणि लीकही सापडत नाही? मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशन तपासा.

फक्त गेज बघणारा या लीकवर उपाय म्हणून तिसरा बटरफ्लाय थोडा मिटवतो. आयडल सुधारतो. पण थ्रॉटल जरा उघडला की त्या लीकची हवा नगण्य ठरते, बटरफ्लाय मात्र मागेच राहतो. तिसऱ्यात हवा कमी, पेट्रोल तेवढंच. एक्झॉस्टमधला सामाईक ऑक्सिजन सेन्सर चौघांची सरासरी सांगतो, त्यामुळे लॉगमध्ये काही दिसत नाही.

तेव्हा आधी लीक, मग सिंक. कार्ब क्लीनर फवारू नका. गरम एक्झॉस्टवर पडला तर आगीचा धोका, शिवाय उघड्या ट्रम्पेटमधून वाफ आत ओढली जाते आणि आयडल उगाचच बदलतो. ट्रम्पेटची तोंडं बंद करून कमी दाबाने स्मोक टेस्ट करा. बटरफ्लायच्या शाफ्टची दोन्ही टोकं नीट बघा, बुश तिथेच झिजतात. नंतर इंजिन ८० अंशांच्या वर, रेडिएटर फॅन थांबलेला, एअर स्क्रू (बटरफ्लायच्या बाजूने थोडी हवा सोडणारे) चारही पूर्ण मिटवलेले, लिंकेज (बटरफ्लाय एकत्र हलवणारी जोडणी) सुटं. बटरफ्लाय कुठवर मिटेल ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूने फ्लो जुळवा, लिंकेज जोडून २५०० आरपीएमला पुन्हा मोजा. एअर स्क्रू शेवटच्या बारीक फरकासाठी. टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा) शून्य त्यानंतर.

मॅपची तुमची बाजू घाटात मात्र खरी ठरते. मुंबईत हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. निव्वळ थ्रॉटलवर ट्यून केलेली गाडी वर गेली की मिश्रण ढोबळमानाने १५ टक्के रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं. त्यासाठी मॅप सेन्सर रनरला जोडायची गरज नाही. बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर ईसीयूला द्या आणि त्यावरून दुरुस्ती चालू करा.