एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: उशीर आमचा, पण गिअरबॉक्सचे काम गरजेचेच होते

सप्रेम नमस्कार.

आमच्या म्हापशाच्या गॅरेजविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि आपल्या गाडीचे जॉब कार्ड समोर ठेवून हे उत्तर लिहीत आहे. आपले नाव आणि गाडीचा क्रमांक येथे देत नाही. २०१४ सालची बीएमडब्ल्यू ३२० डी चार दिवसांत देतो असे सांगून आम्ही अकरा दिवस ठेवली, कंपनी ज्याला आयुष्यभराचे म्हणते ते गिअरबॉक्सचे तेल बदलून पैसे उकळले, साधे पंक्चर काढण्याऐवजी नवा टायर गळ्यात मारला आणि आपणच आणलेल्या बॅटरीची संगणकात नोंद करण्याचे १,५०० रुपये घेतले, असे आपले म्हणणे आहे. एकूण बिल ५८,२०० रुपये झाले, एवढ्यात छोट्या गाडीची कित्येक वर्षांची सर्व्हिसिंग झाली असती, असेही आपण लिहिले आहे.

उशिराविषयी मला कोणतीही सबब सांगायची नाही. या गाडीचा कोणताही भाग मागवताना चासी क्रमांकाच्या शेवटच्या सात अंक-अक्षरांवरून तो पडताळून घ्यावा लागतो. आमच्या माणसाने नुसते मॉडेल आणि साल पाहून मुंबईला गिअरबॉक्सच्या पॅनची, म्हणजे त्याच्या तळाशी तेल धरून ठेवणाऱ्या भांड्याची, ऑर्डर दिली, आणि आलेला पॅन बसेना. तो परत करून योग्य पॅन हाती येईपर्यंत पाच दिवस गेले, आणखी दोन दिवस टायरची वाट पाहण्यात गेले. याहून मला अधिक टोचते ते हे की त्या सगळ्या दिवसांत आमच्याकडून आपल्याला एकही फोन झाला नाही, आणि चवथीला घरच्या सगळ्यांना घेऊन गावी जायचे असताना आपल्याला दुसऱ्याची गाडी मागावी लागली. त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र मला आपल्याशी सहमत होता येत नाही. गाडी आणली तेव्हाची तक्रार कार्डावर आपल्याच शब्दांत लिहिलेली आहे: पर्वरीच्या कोंडीत गाडी थांबता थांबता मागून कोणी ढकलल्यासारखा झटका बसतो. तेव्हा गाडी १,१२,००० किलोमीटर चाललेली होती आणि तेल पहिलेच होते. कंपनी त्या तेलाला आयुष्यभराचे म्हणते हे खरे आहे. परंतु हा आठ गतींचा गिअरबॉक्स ज्या झेडएफ कंपनीने बनवला, तिची स्वतःची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलावे अशी आहे. आपली गाडी वर्षांच्या हिशेबाने ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेली होती. या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगणाचे काम करत नाही, तर त्याच्याच दाबावर आतले क्लच धरतात आणि सुटतात, त्यामुळे तेल थकले की ते सुटणे-धरणे वेळेवर होत नाही आणि त्याचा धक्का आपल्या पाठीला जाणवतो.

पॅन खाली उतरवला तेव्हा मी स्वतः लिफ्टखाली उभा होतो. तेल काळपट झाले होते, आणि पॅनच्या तळाशी असलेल्या चुंबकांवर करड्या रंगाचा, बोटाला लोण्यासारखा लागणारा धातूच्या भुकटीचा थर होता. फिल्टर त्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच घडवलेला असतो, म्हणून तो वेगळा बदलता येत नाही, सगळा पॅनच बदलावा लागतो. नवे तेल भरताना गाडी लिफ्टवर अगदी समतल ठेवून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान आहे हे पाहून, भरण्याच्या छिद्रातून तेलाची बारीक धार बाहेर येईपर्यंत ते भरायचे असते. झटका गेला, हे गाडी नेताना आपणच सांगितले होते. परंतु फोनवर अंदाज देताना आम्ही ‘तेल बदलावे लागेल’ एवढेच बोललो आणि पॅनचा खर्च सांगितलाच नाही. विचारल्याशिवाय वाढवलेल्या कामाची मजुरी घेणे मला पटत नाही, म्हणून त्या ३८,५०० रुपयांपैकी मजुरीचे ६,००० रुपये आज आपल्या खात्यात परत केले आहेत.

टायर रनफ्लॅट होता. हवा पूर्ण गेल्यावरही तो ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर चालतो, पण त्या चालण्यात गाडीचे वजन त्याच्या जाड साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, येते आणि ती आतून झिजते. रिमवरून टायर काढला तेव्हा आत मूठभर काळा रबराचा चुरा निघाला. वरून तो धडधाकट दिसत होता हे मला मान्य आहे, तरीही असा टायर पॅच मारून घाटरस्त्याला पाठवणे माझ्याच्याने होणार नाही.

बॅटरीचे थोडक्यात सांगतो. ही गाडी बॅटरीचे वय लक्षात घेऊन तिला चार्ज करते. नव्या बॅटरीची नोंद केली नाही तर नवीलाही जुनीसारखेच वागवते आणि ती लवकर जाते.

छोट्या गाडीशी केलेल्या तुलनेविषयी एवढेच लिहितो, की जुन्या बाजारात ही गाडी छोट्या नव्या गाडीच्या किमतीत मिळत असली तरी तिचे भाग नव्या गाडीच्याच भावाने येतात. वळणावर ती ज्या ठामपणे रस्ता धरते, ते मलाही फार आवडते आणि म्हणूनच मी या गाड्यांचे काम करतो. पण ती घेण्यापूर्वी हा हिशेब आपल्याला कोणी सांगितला नाही, याचे मला वाईट वाटते.

जुना टायर आणि पॅन आम्ही टाकलेले नाहीत. आपण यावे किंवा आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला पाठवावे. आणखी एक गोष्ट कार्डावर लिहायची राहून गेली. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीच्या सांध्यावर निळसर पांढरा सुकलेला डाग दिसला होता, म्हणजे तिथून बारीक पाझर असण्याची शक्यता आहे. कुठल्याही गॅरेजमध्ये दाखवा, पण चोर्ला घाट चढण्याआधी इंजिन पूर्ण थंड असताना पातळी तपासून घ्या.