मिरवणूक म्हणे!

टूर दि फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस म्हणजे नुसती मिरवणूक असं लेखात लिहिलंय, ते काही पटलं नाही बुवा. सुरुवातीचं शॅम्पेन, फोटो, पिवळ्या जर्सीवाल्याला, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला, त्रास द्यायचा नाही हा अलिखित नियम, सगळं मान्य, पण एकदा पॅरिसमध्ये शाँझ एलिझे या मोठ्या रस्त्यावर शिरल्यावर जे सुरू होतं त्याला मिरवणूक म्हणता? जे स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या वेगवान धावेत जिंकणारे, तीन आठवडे डोंगरात टाइम लिमिटच्या आत (नाहीतर शर्यतीतून बाहेर) पोचायला रडतकढत पेडल मारत असतात ते याच एका दिवसासाठी, आणि रस्ता टीव्हीवर दिसतो तसा गुळगुळीत नाहीये हो, दगडी फरसबंदी आहे, वर आर्क द त्रिऑम्फ या कमानीकडे जाताना हलका चढ. १९९१ ला स्प्रिंटर अब्दुजापारोव हिरव्या जर्सीत (ही गुणांमध्ये आघाडीवर असलेल्याची) शेवटच्या स्प्रिंटला कडेच्या बॅरियरला असा धडकला की बघवत नाही, नंतर कसाबसा लाइनपलीकडे गेला, शर्यत पूर्ण केली म्हणून जर्सी वाचली. स्प्रिंटर कॅव्हेंडिश २००९ ते २०१२ सलग चार वेळा तिथे जिंकला, ते काय वरातीत नाचून?

आणि २०२५ तर विसरलातच! पॅरिसमधल्याच मोंमार्त्र टेकडीचा चढ तीनदा, त्यात पाऊस, एकूण क्रमवारीची वेळ फिनिशच्या आधीच गोठवलेली, म्हणजे पिवळ्या जर्सीतल्या पोगाचारला आरामात मागे बसता आलं असतं, तरी पठ्ठ्या अटॅक करत सुटला आणि शेवटच्या चढावर व्हॅन आर्टने त्यालाच मागे टाकून एकट्याने फिनिश मारलं. स्प्रिंटर लोकांचं मात्र वाईट वाटलं, त्यांचा हक्काचा दिवस गेला ना.